बाबांचा ‘दमा’, यार्डातली पांढरी पिठी आणि आमच्या पडवीचे पत्रे

झुआरीकाठ (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येते. आज धागा काढायची वेळ आली.

माझे बाबा ७३ वर्षांचे. १९७४ ते १९९८ वास्कोकडच्या एका जहाज दुरुस्तीच्या यार्डात होते. ते यार्ड कधीच बंद पडलं. गेली चारेक वर्षं त्यांना चढ चढताना धाप लागते आणि कोरडा खोकला येतो. आधी म्हणाले वय झालं. मग एका ठिकाणी दमा म्हणून पंप दिला, दुसरीकडे क्षयाची शंका घेऊन सहा महिने गोळ्या दिल्या. थुंकीत काहीच सापडलं नव्हतं, तरी. फरक शून्य.

गेल्या आठवड्यात बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने फाइल बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, “काका, काम काय करत होता?” चार वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. बाबा म्हणाले, इंजिनरूमच्या पाइपांना ‘गुंडाळायचं’ काम. तिने पाठीला स्टेथो लावला आणि मलाही ऐकायला दिला. अगदी खाली, श्वास पूर्ण आत जाता जाता, चपलेचा वेल्क्रोचा पट्टा ओढल्यासारखा चरचर आवाज. मग बाबांची बोटं धरून नखं बघितली. नखांची मुळं फुगून टोकं गोल झालीत, हे आमच्या रोजच्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

एचआरसीटीत (फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) आलं: अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसात पडलेले व्रण, शिवाय फुप्फुसाच्या वेष्टनावर चुना धरलेले चट्टे.

माझे प्रश्न:
हे बरं होतं का? चट्टे म्हणजे कॅन्सरची सुरुवात का? आई पंचवीस वर्षं त्यांचे कामाचे कपडे धूत होती, तिचं काय? आणि आमच्या पडवीवर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत, ते चतुर्थीच्या आधी उतरवायचे का? भाऊ उद्याच माणूस बोलावतो म्हणतोय.

उंडो (सोमवार, रात्री १०:३१)

भावाला थांबवा आधी. बाकीचं जाणकार सांगतील.

माटोळी (सोमवार, रात्री १०:४०)

बाबांना लवकर आराम पडो. आमच्याकडे सासऱ्यांना खोकला होता तेव्हा रोज कषाय द्यायचे, धणे-जिरे-बडीशेप-मिरी घालून. अडुळशाचा काढाही चांगला. फुप्फुसं साफ होतात म्हणतात.

छातीठोक (सोमवार, रात्री ११:०५)

धागाकर्तीचा प्रश्न माझ्या जुन्या धंद्यातला. (छातीच्या विकारांचा डॉक्टर होतो, आता निवृत्त. आयडीवर हसून झालं असेल तर पुढे वाचा.)

माटोळीताई, कषाय अवश्य द्या, घशाला बरं वाटतं. पण फुप्फुस म्हणजे माजघर नव्हे, की सारवलं आणि झालं. अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा तंतुमय दगड. तो उभा चिरत जातो, बारीक बारीक होत. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू श्वासाबरोबर थेट शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोचतात. तिथे आपल्या सफाई कामगार पेशी त्यांना गिळायला बघतात, पण तंतू पेशीपेक्षा लांब. गिळताही येत नाही, टाकताही येत नाही. त्या झटापटीत पेशी दाहक रसायनं सोडते, आणि तिथे व्रण भरल्यासारखी घट्ट ऊती तयार होते. वर्षानुवर्षं हेच चाललं की फुप्फुसाचा स्पंज राहत नाही, काथ्याची गादी होते. फुगतच नाही. म्हणून धाप.

सहसा पहिल्या संपर्कानंतर पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा लक्षणं दिसतात. माणूस तोवर निवृत्त झालेला असतो, म्हणूनच ‘वय झालं’ वर भागतं.

क्षय सहसा फुप्फुसाच्या वरच्या भागात जास्त दिसतो. ताप, वजन घटणं, रात्री घाम. हा आजार खालच्या भागातून सुरू होतो, ताप नसतो, आणि तो कोणाला लागत नाही. बाबांचं ताट-पेला वेगळा ठेवला असेल तर आजच परत मांडणीत ठेवा.

झुआरीकाठ (सोमवार, रात्री ११:१८)

डॉक्टरसाहेब, ठेवला होता. सहा महिने. आत्ता उठून ठेवून आले.

निवृत्त_फिटर (मंगळवार, सकाळी ६:५०)

बाय, तुझ्या बाबांचं काम मी बघितलंय. मी दुसऱ्या यार्डात होतो, पण काम तेच. पोत्यातून पांढरी पिठी यायची, ती डब्यात पाण्याने कालवायची, गिलाव्यासारखा लगदा करून वाफेच्या पाइपावर थापायचा आणि वरून कापड गुंडाळायचं. हे नवीन काम. खरं वाईट जुनं काढण्याचं. परदेशी बोट दुरुस्तीला आली की पाइपावरचं सुकलेलं वेष्टन, लॅगिंग, छिन्नी-हातोड्याने फोडायचं. इंजिनरूममध्ये वारा नाही, एक बल्ब. त्या बल्बभोवती धूळ अशी चमकायची की आम्हांला ती शोभा वाटायची. नाकाला घामाचा रुमाल. जेवणाच्या सुट्टीत पोरं लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारायची. मीही मारलेत.

मला काही झालेलं नाही. माझ्या बाजूला काम करणाऱ्याला झालं. असं का, हे डॉक्टरांनी सांगावं.

तारवटी (मंगळवार, सकाळी ९:२०)

फिटरबाब, बल्बचं अगदी बरोबर. मी बोटीवर इंजिनला होतो, १९८१ पासून. बंक्याच्या डोक्यावरूनच पाइप जायचा, बोट हलली की उशीवर पांढरं भुरभुरायचं. झटकून झोपायचो. गोव्यातल्या प्रत्येक वाड्यावर एक तरी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेला, सापडेल, आणि सगळ्यांना विचारतात ते एकच, परदेशातून काय आणलं! हे पण आणलं म्हणायचं.

पणजीकर (मंगळवार, सकाळी १०:०२)

मला हा सगळा जरा बाऊ वाटतो. गोव्यात निम्म्या गोठ्यांवर, गॅरेजांवर, शाळांच्या शेडवर हे पत्रे आहेत. आम्ही त्याखाली वाढलो. त्या हिशेबाने अर्धा गोवा धापा टाकत असता. सरकारने बंदी घातलेली नाही याला काहीतरी कारण असेलच ना? पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षित असतो असंही वाचलंय.

सत्तरीकर (मंगळवार, सकाळी १०:१५)

पणजीकर, आमच्याकडे कौलं होती तोपर्यंत ठीक होतं. मग माकडं आली. फणसावरून उडी ती थेट मंगळुरी कौलावर. एका मोसमात दीडशे कौलं गेली. शेवटी वडलांनी पत्रे घातले. त्यामुळे गोव्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा खरा एजंट कोण, हे ओळखा.

उंडो (मंगळवार, सकाळी १०:१९)

माकडाला कमिशन मिळतं ऐकलंय.

कौलारू (मंगळवार, सकाळी ११:३०)

पणजीकर, अर्धं बरोबर आणि अर्धं घातक बोलताय.

अखंड, न फुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, वजनाने साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. त्याखाली बसून चहा प्यायल्याने कोणाला अ‍ॅस्बेस्टॉसिस होत नाही. तो आजार भरपूर धूळ, वर्षानुवर्षं, अशा कामाचा आहे.

पण ‘पांढरा सुरक्षित’ हे साफ चूक. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था निळा, तपकिरी, पांढरा असे सगळेच प्रकार माणसात कॅन्सर करणारे म्हणून पहिल्या गटात धरते. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्यावर बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून सगळीकडे बंदी. आपल्याकडे खाणींना नवे पट्टे देणं १९८६ मध्ये थांबवलं, पण आयात चालू राहिली. खणणं वाईट आणि विकत घेणं चांगलं, हे गणित तुम्हीच मला सोडवून दाखवा.

आणि ‘बंदी नाही म्हणजे सुरक्षित’ म्हणत असाल तर विडीवरही बंदी नाही.

पणजीकर (मंगळवार, दुपारी १२:१०)

विडीचा मुद्दा मान्य. बाकी, घरात राहणाऱ्याला घाबरवू नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

छातीठोक (मंगळवार, दुपारी २:४५)

पणजीकरांचं हे शेवटचं वाक्य बरोबर आहे, आणि घाबरून रातोरात पत्रे फोडणारेच जास्त धूळ खातात.

आता राहिलेली उत्तरं.

चट्टे: फुप्फुसाच्या वेष्टनावरचे हे चट्टे म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि त्यांचा पुढे कॅन्सर होत नाही. तो शिक्का आहे, ‘या माणसाने अ‍ॅस्बेस्टॉस घेतलाय’ असा. त्याच संपर्कामुळे कॅन्सरचा धोका मात्र असतो, म्हणून लक्ष ठेवायचं. वेष्टनाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, हा दुर्मीळ, पण वीस ते पन्नास वर्षांनीही डोकं वर काढतो. छातीत एका बाजूला सतत दुखणं, छातीत पाणी होणं, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका.

विडी: फुप्फुसाचा कॅन्सर करायला अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर या दोघांची बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकारच होतो. बाबा ओढत असतील तर आज बंद. मेसोथेलिओमाला मात्र विडी लागत नाही, तो न ओढणाऱ्यालाही गाठतो.

बरं होतं का: नाही. पडलेला व्रण पुसता येत नाही. पंपाचा उपयोग श्वासनळ्या आकसल्या असतील तरच. स्टिरॉइडने काही साधत नाही. व्रण वाढतच चालला असेल तर निंटेडॅनिबसारखी गोळी वाढीचा वेग कमी करते, पण ती कोणाला द्यायची हे तपासणाऱ्यानेच ठरवायचं. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, श्वसनाचा शिकवलेला व्यायाम, आणि ऑक्सिजन कमी पडत असेल तर घरी मशीन. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण अशा फुप्फुसाला एक साधा न्यूमोनिया पुरतो.

पीएफटी, म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी, करून घ्या. फुप्फुसात एकूण हवा किती मावते ते त्यात कळतं. दम्यात हवा बाहेर पडायला अडते, इथे मुळात मावतच कमी. डीएलसीओ म्हणजे रक्तात वायू किती उतरतो तो आकडाही मागा, तो बहुधा लवकर घसरतो.

फिटरबाब, एकाला होतं आणि एकाला नाही, याचं बरंचसं उत्तर किती धूळ आणि किती वर्षं यात आहे. उरलेलं शरीराच्या धाटणीत. पण ‘झालेलं नाही’ हे तुम्ही कशावरून म्हणताय? शेवटचा एक्स-रे कधी काढला होता?

निवृत्त_फिटर (मंगळवार, दुपारी ३:३०)

२००९. हर्नियाच्या आधी.

माटोळी (मंगळवार, दुपारी ४:०५)

बाबांचं विचारून सगळे मोकळे. आईचं कोणीच सांगितलं नाही.

छातीठोक (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

ताई, बरं झालं आठवण केलीत. आईचा धोका बाबांपेक्षा बराच कमी, पण शून्य नाही. कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. एकदा छातीचा फोटो काढा, संपर्काची गोष्ट त्यांच्याही कागदावर लिहून घ्या, आणि धाप किंवा छातीत दुखणं आलं तर ‘पाळी गेल्यामुळे’ असलं ऐकून घेऊ नका.

झुआरीकाठ (मंगळवार, रात्री ९:००)

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “धुण्याच्या दगडावर आपटायच्या आधी मी कपडे अंगणात झटकायची, नाहीतर पांढरं पाणी वाहून तुळशीच्या आळ्यात जायचं.” तुळस वाचवली तिने.

शाळामास्तर (मंगळवार, रात्री ९:४०)

अवांतर: शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर ठेवायची जाळी आठवते का? मध्ये पांढरा गोल. ती अ‍ॅस्बेस्टॉसची जाळी. तो गोल खडूसारखा भुरभुरायचा आणि आम्ही मुलांकडून टेबल फडक्याने झटकून घ्यायचो. आता सिरॅमिकवाली मिळते. जुन्या शाळांची कपाटं उघडून बघा म्हणावं.

सत्तरीकर (मंगळवार, रात्री ९:५८)

आणि स्कूटरचे ब्रेक लायनर! म्हापशाला गॅरेजात ड्रम उघडायचा आणि कॉम्प्रेसरने फुर्रर्र. जुन्या लायनरमध्ये हेच असायचं ना? माझा चुलतभाऊ तीस वर्षं तेच करतोय.

कौलारू (मंगळवार, रात्री १०:१०)

होय. त्याला सांगा, हवा मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसायचं.

आता पत्र्यांचं, भावाने माणूस बोलावण्याआधी. गोव्यात धूळ उडवणारं सगळ्यांत नेहमीचं काम म्हणजे पावसाआधी पत्र्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडणं. मे महिन्यात, कोरड्यात, वर उन्हात एक पोरगा आणि खाली आपण नळी धरून. जुन्या पत्र्याचं वरचं सिमेंट पावसाने झिजलेलं असतं, तंतू उघडे पडलेले असतात, त्यावर ब्रश म्हणजे किसणीच. पन्हळीत साठलेला गाळही सुका उपसू नका, ओला करून काढा.

पत्रे शाबूत असतील तर हात लावू नका, वरून रंग मारून घ्या. फुटलेले असतील आणि काढायचेच असतील तर आधी पाणी मारून भिजवा, बोल्ट पिळून काढा, पत्रा अख्खा उतरवा. कापायचा नाही, ग्राइंडर नाही, वरून खाली फेकायचा नाही. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. झाडू मारायचा नाही, ओलं पुसा. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही, बारीक धुळीचा घट्ट बसणारा मास्क लागतो. तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भरायला देऊ नका, टाकायचे कुठे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्या वाड्यावर पत्र्यांचे तुकडे आठवडाभर वाटेवर होते आणि गाड्या त्यावरून जाऊन त्याचं पीठ करत होत्या.

आणि पाऊस चालू असताना छप्पर उघडू नका हो, ते कारण अ‍ॅस्बेस्टॉसचं नाही, साध्या अकलेचं आहे.

उंडो (मंगळवार, रात्री १०:२५)

कांदोळीच्या किनाऱ्यावरची रिव्हर प्रिन्सेस बोट आठवते? २००० साली रुतली, काढता काढता २०१२ उजाडलं. हा तंतू म्हणजे फुप्फुसातली रिव्हर प्रिन्सेस. फक्त हिला ओढायला टगही नाही.

या धाग्यापेक्षा तो धागा जास्त चिवट आहे एकूण.

तारवटी (मंगळवार, रात्री १०:४४)

बोटीवरून आठवलं. फ्रान्सची क्लेमेन्सो, विमानवाहू, गुजरातेत अलंगला तोडायला निघाली होती. पोटात अ‍ॅस्बेस्टॉस म्हणून आरडाओरडा झाला, २००६ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षाने अर्ध्या वाटेवरून परत बोलावली. शेवटी इंग्लंडात तोडली. तेव्हा आम्ही बोटीवर पेपर वाचून हसलो होतो, एवढ्याशा पिठीसाठी एवढी मोठी बोट वळवली म्हणून.

नोटरी (बुधवार, सकाळी ८:१५)

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

अ‍ॅस्बेस्टॉसिस हा व्यवसायजन्य आजार आहे. २०२५ पर्यंत चाललेल्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरने कळवलंच पाहिजे अशा आजारांत, त्याचं नाव होतं. तेव्हाच्या कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ ला कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात सांगितलं, की कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा येईल तोवर ठेवायची. बाधित कामगाराला एक लाख रुपये भरपाईचा आदेशही त्यातच. आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग, हे त्या निकालाचं मोठेपण.

आता व्यवहार. यार्ड बंद, नोंदवही गेली भंगारात. तेव्हा घरातले कागद शोधा: पीएफची पावती, ईएसआय कार्ड, गेटपास, पगाराची चिठ्ठी, बोनसचं पाकीटसुद्धा. कामाचा प्रकार दाखवणारं काहीही. सोबतच्या दोन कामगारांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा, ते आहेत तोवर. डिस्चार्ज कागदावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस, जहाज दुरुस्तीच्या कामामुळे’ असं तारखेसह लिहून मागा. नुसतं ‘फायब्रोसिस’ असेल तर पुढे कोणी विचारत नाही. दाव्याला मुदत असते, ती मोजायला ती तारीख लागते, म्हणून वकिलाला लवकर भेटा. पैसे मिळतीलच असं आश्वासन मी देत नाही. बंद कंपनीकडून वसुली म्हणजे सुक्या विहिरीत बादली.

पणजीकर (बुधवार, सकाळी ९:३०)

नोटरीसाहेब, उत्तम. वाचनखुणांत टाकला धागा. काल बाऊ म्हणालो तो शब्द मागे. आमच्या शेडच्या पन्हळी मी स्वतः सुक्या साफ करत होतो, नऊ वर्षं.

झुआरीकाठ (पुढच्या सोमवारी, रात्री ८:५०)

उशिराने परत येते, आठवडा धावपळीत गेला.

पीएफटी झाली. हवा मावण्याचं प्रमाण अपेक्षेच्या ६१ टक्के, डीएलसीओ ४८. सहा मिनिटं चालवलं, ऑक्सिजन ९५ वरून ८९ वर आला. घरी मशीन अजून नको म्हणाल्या, तीन महिन्यांनी परत बघणार. न्यूमोनियाची लस दिली. कागदावर आजाराचं पूर्ण नाव आणि कामाचं कारण दोन्ही लिहून घेतलं. आईचा फोटो स्वच्छ आला, वर्षाने पुन्हा. भावाने माणसाला नको म्हणून सांगितलं, पत्रे आहेत तिथेच आहेत. एक कोपरा तडकलाय, तो दिवाळीनंतर कौलारूंच्या पद्धतीने.

गेटपास सापडला. पत्र्याच्या पेटीत, गणपतीच्या जुन्या आरतीच्या वहीखाली. त्यावर फोटोतले बाबा सव्वीस वर्षांचे, भुवयांवर पांढरं. मला वाटलं फोटो फिका पडलाय. बाबा म्हणाले, नाही, फोटोवाला थेट कामावरूनच बोलवायचा.

प्रतिज्ञापत्रासाठी बाबांनी वहीत सोबत्यांची नावं लिहिली. अकरा. त्यातले सहा गेलेले; दोघांबद्दल घरच्यांनी ‘क्षयाने’ सांगितलं, एकाचं ‘छातीत पाणी झालं’. बाबा पेन खाली ठेवून बराच वेळ बसले. मग उरलेल्यांना एकेक फोन लावला. कुडचड्याचे एक काका आठ वर्षं दम्याचा पंप घेतायत. बाबांनी त्यांना फोनवरच विचारलं, “नखं कशी दिसतात रे तुझी?”

गुरुवारी ते येतायत, बांबोळीला एकत्र जाऊ.

निवृत्त_फिटर (पुढच्या सोमवारी, रात्री ९:१५)

बाय, किती वाजता? मीही येतो. फोटो काढायचाच आहे.